उद्गारचिन्हामागचा माणूस

थिओडोर कुक यांच्या ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’ या ग्रंथाचं कुठलंही पान उघडा. वर झाडाचं लॅटिन नाव, खाली पानाफुलांची मापं, आणि शेवटी ते झाड कुठं सापडलं याची एक दाटीवाटीची ओळ. कोकण, दख्खन, मग गावाचं नाव, गावापुढं माणसाचं. लॉ. स्टॉक्स. वुड्रो. कानिटकर. भिवा. आणि बहुतेक नावांपुढं एकेक उद्गारचिन्ह.

या चिन्हाचा आश्चर्याशी संबंध नाही. वनस्पतिशास्त्रात त्याचा अर्थ ठरलेला आहे: या माणसानं आणलेला नमुना मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे. कुक मूळचे आयर्लंडचे इंजिनिअर. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य म्हणून त्यांनी आयुष्याची मोठी वर्षं काढली, आणि निवृत्तीनंतर विलायतेत बसून हा ग्रंथ रचला. 1901 ते 1908 या काळात तो भागाभागानं लंडनला छापला गेला. आंबेनळीपासून आंबोलीपर्यंतचं झाडझाड ते काही म्हातारपणी पुन्हा फिरून बघणार नव्हते. त्यांच्या टेबलावर कागद येत होते, कागदावर वाळलेली फांदी होती, फांदीशेजारी चिठ्ठी होती. त्या चिठ्ठीवर विसंबून त्यांनी ते चिन्ह मारलं.

मला या यादीत सगळ्यांत जवळचा वाटतो तो भिवा. ना आडनाव, ना हुद्दा. छापील इंग्रजी पानावर, साहेबांच्या नावांच्या रांगेत, नुसतं ‘भिवा!’

त्या चिन्हाच्या मागं जायचं तर पुस्तक मिटावं लागेल. चला. साल 1902, महिना भाद्रपद, गाव गागोदे. जिल्हा अजून कुलाबा आहे.

तुम्ही पुण्याच्या कॉलेजच्या वनस्पतिसंग्रहासाठी झाडं गोळा करणारे एक साधे नोकर आहात. बोरघाट उतरून खोपोलीला आलात, तिथून पेणच्या रस्त्यानं बैलगाडी. रस्ता लाल चिखलाचा. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं पोटऱ्यात आलेली, आणि त्यांच्या मागं लगेच डोंगर. कोकणातलं हे आतलं अंग आहे. समुद्र दिसत नाही, वासही येत नाही. ढग मात्र समुद्राचेच, आणि ते या डोंगरांना अडकून बसलेले. गाडीवान गावाच्या तोंडाशी उतरवतो. पुण्याहून आलात म्हटल्यावर लोक दोन पावलं मागं सरतात, कारण ही प्लेगची वर्षं आहेत. मग पाठीवरचा डबा पाहून विचारतात, औषधाचा आहे का?

डबा पत्र्याचा आहे, लांबट, बाहेरून हिरवा, आतून पांढरा. तोडलेली फांदी त्यात ओल्या गवतावर ठेवली की संध्याकाळपर्यंत कोमेजत नाही. खांद्याला एक वही, कनवटीला पेन्सिल. शाई आणलेली नाही, कारण पावसात शाई पसरते आणि पसरलेल्या नोंदीला किंमत नाही. हातात कोयती आणि खुरपं. डोक्यावर गावातून मागून घेतलेलं इरलं.

गावात शिरताना भाव्यांचं घर लागतं. त्या घरचा विनायक आता सात वर्षांचा आहे. 11 सप्टेंबर 1895 ला तो याच गावात जन्मला. पुढं लोक त्याला विनोबा म्हणतील आणि तो भूदानासाठी वर्षानुवर्षं देश पायी तुडवेल. आज तो आजोबांच्या घरातला एक मुलगा आहे. त्या घराकडं एकदा बघा आणि डोंगराची वाट धरा. तुमचं कामही पायांचंच आहे.

खाचरांचे बांध संपले की चढ सुरू होतो. पहिल्याच वळणावर तेरडा. एकदोन रोपं नव्हेत, सगळा उतार गुलाबी. तुम्ही थांबत नाही. तेरडा परतताना घेता येईल, तो कुठं पळत नाही. हा चुकीचा हिशेब आहे हे संध्याकाळी कळेल. पुढं कातळावरून पाणी निथळतंय, तिथं गजकर्णिकेची मांसल पानं आणि फिकट फुलं. तिच्या शेजारी, नखाएवढ्या निळ्या फुलांची सीतेची आसवं. वाकून बघा. ही इवलीशी वनस्पती कीटक खाते. तिच्या बारीक पिशव्या ओल्या मातीत दडलेल्या असतात. नुसतं फूल खुडलंत तर अर्धी वनस्पती मागं राहील. म्हणून मातीचा गड्डाच उचलायचा, पाण्यात धरून हलकेच धुवायचा, आणि मुळाकडचा भाग जपत कागदात घ्यायचा. असे चार-पाच गड्डे. एक पुण्याला राहील, बाकीचे दुसऱ्या संग्रहांकडं जातील. सगळ्यांवर एकच क्रमांक. एकाच जागी एकाच दिवशी घेतलेल्या एका जातीला एक क्रमांक, आणि तो क्रमांक तुम्ही आयुष्यात पुन्हा कधी वापरायचा नाही.

कळलावी कुंपणावर चढलेली आहे. पानांची टोकं दोरीसारखी वळून काटक्यांना धरून बसली आहेत. नव्या फुलाच्या पाकळ्या पिवळ्या-हिरवट, जुन्याच्या लालभडक. दोन्ही घ्या, आणि वहीत लिहा की रंग वयानं बदलतो. लिहिलं नाही तर चाळीस वर्षांनी कुणीतरी एका तपकिरी कागदावर दोन तपकिरी फुलं पाहील आणि त्याला काहीच कळणार नाही.

पेव गर्द सावलीत उभा आहे, जिन्यासारखी पानं वळवत. त्याचं पांढरं फूल बोटांच्या उबेनंही मऊ पडतं. ते कागदात सपाट करायला गेलात तर लगदा होतो. एक फूल वेगळ्या कागदात, पाकळ्या उलगडून, वर कापूस. हे तुम्हाला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. दहा फुलं वाया घालवल्यावर अकराव्यात हाताला समजलं.

वर, वरी-नाचणीच्या तुकड्याशी, एक ठाकर आजी करटोली तोडते आहे. टोपलीत काटेरी हिरवी फळं. तुम्ही डबा खाली ठेवता. ती आधी डब्याकडं बघते, मग तुमच्याकडं.

“दादा, पाला कशापाई नेतंस?”

“पुण्याला न्यायचा आहे, आजी. सुकवून ठेवतात.”

“गुरांना?”

“नाही. बघायला. कुठलं झाड कुठं उगवतं ते कळावं म्हणून.”

ती यावर विचार करते. मग तुमच्या हातातला करटोलीचा वेल हिसकून घेते आणि फेकते. “ह्यो वांझोटा. ह्याला फळ नाय धरत.” आणि चार पावलांवरचा दुसरा वेल दाखवते. “ही घे.”

तिनं फेकलेला वेल उचला. करटोलीत नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळी. फळ धरत नाही तो नर, आणि त्याच्याशिवाय दुसरीलाही फळ धरणार नाही. संग्रहाला दोन्ही हवेत, वेगवेगळ्या कागदांवर, एकमेकांचा उल्लेख करून. आजीनं स्वयंपाकाच्या दृष्टीनं जो भेद सांगितला तोच वनस्पतिशास्त्राचा भेद आहे. तुम्ही घेतलेला वेल कुठला हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, तिला लांबून दिसलं.

झाडाखाली एक छत्रीसारखं पान उभं आहे, एकाच दांड्यावर, कडा कातरलेल्या. फूल नाही. फुलाशिवाय ओळख पटायची नाही म्हणून तुम्ही ते सोडून निघता, तेवढ्यात ती हसते. “जेठात तूच खाल्लं आसंल की. शेवळं.” शेवळं? पहिल्या पावसात जमिनीतून वर येणारा तो जांभळट कोंब, ज्याची भाजी काकडांच्या आंबटपणाशिवाय घशाला खाजते, तो आणि ही छत्री एकच? एकच. आधी फुलोरा येतो, तो सुकून गेला की त्याच कंदातून पान. दोघं जमिनीवर एकमेकांना भेटत नाहीत. शेवळाचा नमुना पुरा करायचा तर याच जागेवर वर्षातून दोनदा यावं लागतं, आणि जागा लक्षात राहावी लागते. त्या पहिल्या कोंबाची भाजी बाजारात येते, पान कोण बघायला जातो? डोंगरावर राहणारा बघतो.

वहीत तुम्ही लिहिता. क्रमांक. भाद्रपद, आणि इंग्रजी तारीख. गाव गागोदे, तालुका पेण, जिल्हा कुलाबा. डोंगराचा ईशान्य उतार, कातळाजवळ, सावलीत. पान हिरवं, दांड्यावर फिकट ठिपके. फुलोरा जेठात. स्थानिक नाव: शेवळ. पेन्सिल थांबते. वहीत पुढचा रकाना नाही. जे सांगितलं ते कुणी सांगितलं, यासाठी कागदावर जागाच आखलेली नाही. आजी टोपली डोक्यावर घेऊन उतरायला लागली आहे. तुम्ही तिचं नाव विचारलेलं नाही.

इथं मला तुम्हाला क्षणभर आणखी मागं न्यायचं आहे, कारण हा रकाना नेहमी कोरा नव्हता. 1678 साली ॲमस्टरडॅमला ‘हॉर्टस मलाबारिकस’चा पहिला खंड छापला गेला. कोचीनचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान ऱ्हीड याचं हे काम. पुढं 1693 पर्यंत त्याचे बारा खंड निघाले. त्या पहिल्या खंडात इट्टी अच्युदन या मल्याळी वैद्याची साक्ष आहे, आणि त्याच्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांची. त्यांची साक्ष कोकणीत, नागरी अक्षरांत छापलेली आहे. झाडांच्या चित्रांवर इतर लिप्यांबरोबर नागरीतही नावं आहेत. सव्वातीनशे वर्षांहून अधिक काळापूर्वी, साता समुद्रापलीकडं, झाडाची माहिती सांगणाऱ्याचं नाव ठशांत बसवलं गेलं होतं. म्हणजे ते करता येतं. इच्छा लागते.

परत गागोद्याला या. अंधार पडतोय, पाऊस वाढलाय, आणि तुमचं खरं काम आता सुरू होतंय.

ज्यांच्या पडवीत उतरलात त्यांच्या घरी आज गौर आली आहे. मूर्ती नाही, मुळासकट आणलेल्या तेरड्याच्या रोपांची गौर. सकाळी ज्या उतारावर तुम्ही थांबला नाहीत तो उतार दुपारी गावातल्या बायकांनी खुडून आणला, आणि आता तुमच्या डब्यात तेरडा नाही. घरची बाई चार रोपं बाजूला काढून देते. “घ्या, देवीची नव्हेत, उरलेली आहेत.” ही रोपं तुम्ही कुठून तोडली म्हणून लिहाल? तुम्ही तिला विचारता, ती डोंगराकडं हात करते, तुम्ही उद्या तिथं जाऊन उतार बघून मगच ते लिहायचं ठरवता. हा हट्ट अस्थानी नाही. जागा खोटी पडली तर सगळा नमुना खोटा.

तेरड्याचा रंग तीन दिवस, असं आपण म्हणतो. दाबपाट्यांत तो एक दिवसही टिकत नाही. गुलाबी तपकिरी होतो, निळा उडून जातो. म्हणून रंग शब्दांत लिहायचा, आणि ताजं फूल समोर असतानाच लिहायचा.

आता दाबपाट्या उघडा. दोन लाकडी जाळ्या, मध्ये टीपकागद, टीपकागदांमध्ये जुन्या वर्तमानपत्रांचे ताव. ‘केसरी’चे जुने अंक यासाठी चांगले, पुष्कळ वर्षांनी त्या तावावरच्या मजकुरावरूनही नमुन्याचा काळ पडताळता येतो. फांदी अशी मांडा की कागदाच्या बाहेर जाणार नाही. लांब गवत असेल तर इंग्रजी व्ही किंवा एनच्या आकारात मोडा. पानं एकावर एक येऊ देऊ नका, आणि एक तरी पान उलटं ठेवा, म्हणजे मागची लव दिसेल. फूल, फळ, जमलं तर मूळ. मग वर दुसरा कागद, मग दुसरी फांदी, शेवटी जाळी, आणि दोरीनं आवळून वर जातं किंवा दगड.

कोकणातल्या भाद्रपदात हे सगळं पाण्याशी भांडण आहे. कागद हवेतूनच ओल पितात. दर बारा तासांनी टीपकागद बदलायचे, ओले चुलीवरच्या माळ्यावर पसरायचे, वाळलेले खाली घ्यायचे. घरची बाई चूल विझवायला निघते आणि तुमच्याकडं बघून आणखी एक लाकूड सारते. शेवळाचं पान तर मरायलाच तयार नसतं. असल्या कंदवाल्या रसाळ वनस्पती दाबात ठेवल्या तरी आतल्या आत जगत राहतात, सडतात, शेजारचे कागदही नासवतात. कढत पाण्यात क्षणभर बुडवून मग दाबायच्या. पहाटे दोनदा उठून तुम्ही हेच करता. एका रात्रीचा आळस झाला की बुरशी, आणि बुरशीचा कागद संग्रह परत पाठवतो.

चार दिवसांनी उन्हाची तिरीप येते तेव्हा पेवाची पानं कडक वाजायला लागतात. वाजलं की वाळलं. गाठोडं बांधा, मेणकापडात गुंडाळा, घाट चढा.

पुढचं भराभर सांगतो. पुण्याला तुमच्या फांद्यांना विषारी द्रावणाचा हात फिरतो, म्हणजे कसर लागू नये. त्यासाठी पाऱ्याचे क्षार वापरत, आणि जुने कागद हाताळणारे आजही त्यानंतर हात धुतात. मग जाड पांढरा ताव, सुमारे 42 बाय 28 सेंटिमीटरचा. फांदी सरसानं चिकटते, जाड दांडी दोऱ्यानं शिवली जाते. उजव्या कोपऱ्यात खाली चिठ्ठी. त्या चिठ्ठीत तुमच्या वहीतली वाक्यं आखडून बसतात, आणि शेवटी ‘संग्राहक’ या शब्दापुढं एक नाव. कधी ते तुमचं असेल, कधी साहेबाचं.

कधी कधी मात्र संग्राहकाला फार मोठं काही मिळतं. पुण्याच्या त्याच संग्रहात काम करणाऱ्या ना. बा. रानडे यांनी सह्याद्रीत एक झुडूप गोळा केलं, लोंबणाऱ्या पिवळ्या-केशरी घंटांचं. वुड्रो आणि स्टाप्फ यांनी 1894 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि नाव दिलं अब्युटिलॉन रानडेई. मराठीत आपण त्याला सोनघंटा म्हणतो. आज ते झुडूप अतिदुर्मीळ आहे. त्यानंतरच्या पिढीतल्या रा. कृ. भिडे यांच्या नावानं गवताची एक अख्खी प्रजाती आहे, भिडिया. गवतं ओळखणं हे वनस्पतिशास्त्रातलं सगळ्यांत चिकट काम; गवताच्या प्रजातीला मराठी आडनाव मिळावं याचा मला मनापासून अभिमान वाटतो. भिवाच्या वाट्याला एवढं आलं नाही. त्याच्या वाट्याला उद्गारचिन्ह आलं.

आता वर्षं पालटा. 1906 मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात एथेलबर्ट ब्लाटर या स्विस जेझुइट पाद्र्यानं संग्रह सुरू केला. त्याचं नाव आजही ब्लाटर हर्बेरियम. 1940 च्या दशकात याल तर गागोद्याहून घाट चढा आणि खंडाळ्याला थांबा. पांढऱ्या झग्यातला एक स्पॅनिश पाद्री पावसात कडेकडेनं चालताना दिसेल. हे हेर्मेनेगिल्ड सांतापाव. खंडाळ्यासारखी एकच लहान जागा घ्यायची आणि सगळ्या ऋतूंत, वर्षानुवर्षं, पुन्हापुन्हा तिथंच जायचं, ही त्यांची पद्धत. ‘फ्लोरा ऑफ खंडाळा’ 1953 साली निघाला. वर्षानुवर्षं न फुलता एकदम सगळा डोंगर जांभळा करणाऱ्या कारवीबद्दलही त्यांनी लिहिलं. ते भारताचे नागरिक झाले, भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे प्रमुख झाले, 1967 साली पद्मश्री मिळाली. आजी आणि सांतापाव यांची पद्धत मुळात एकच आहे असं मला वाटतं: जागा बदलायची नाही, ऋतू बदलू द्यायचा. शेवळाची दोन रूपं त्याशिवाय जुळत नाहीत.

आणखी पुढं या. 1981 साली कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं. हा बदल तुम्हा-आम्हाला साधा वाटतो. संग्रहात बसलेल्या माणसाला तो रोज भेटतो. जुन्या चिठ्ठीवर ‘कुलाबा’ आहे म्हणजे मुंबईतला कुलाबा की जिल्हा? ‘कोकण’ एवढंच लिहिलं असेल तर डहाणू की वेंगुर्ला? ज्यानं गावाचं नाव, डोंगराची बाजू आणि कातळाची खूण लिहिली त्याची चिठ्ठी आजही वाचता येते. ज्यानं घाई केली त्याचा नमुना सुंदर असला तरी पोरका आहे. 1993 मध्ये एम. जे. कोठारी आणि एस. मूर्ती यांचा ‘फ्लोरा ऑफ रायगड डिस्ट्रिक्ट’ सर्वेक्षणानं प्रसिद्ध केला. एका जिल्ह्याची झाडं एका पुस्तकात यायला भिवापासून मोजलं तर जवळपास शतक लागलं.

आणि आज. पुण्यात कोरेगाव रस्त्यावर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र आहे. तिथल्या कपाटांसमोर उभे राहा. लोखंडी दारं, आत कप्पे, कप्प्यांत कुळांप्रमाणे लावलेली पाकिटं, नॅप्थलीनचा वास. ज्या नमुन्यावरून एखाद्या जातीचं पहिलं वर्णन झालं तो वेगळ्या, ठळक रंगाच्या पाकिटात जपतात. जुन्या पुण्याच्या संग्राहकांचे कागद इथं आहेत. तुमचा गागोद्याचा कागद मात्र नाही, कारण तुम्ही माझ्याबरोबर कल्पनेतून गेला होतात. पण तुम्ही जे केलंत ते खरोखर केलेली माणसं होती, आणि त्यांच्या फांद्या अजून त्या दोऱ्यांनी धरून ठेवल्या आहेत.

अशा कागदाचा उपयोग काय, हे तुम्ही विचारलंत तर मी तुम्हाला तारखेकडं बघायला सांगेन. शंभर वर्षांपूर्वी कळलावी कुठल्या आठवड्यात फुलली होती हे सांगणारी दुसरी नोंद आपल्याकडं बहुधा नसते. पावसाचं वेळापत्रक बदलतंय असं प्रत्येक शेतकरी म्हणतो. झाडानं त्याला काय उत्तर दिलं ते या तारखांत आहे. आणि जागेकडं बघा. पेण तालुक्यात आता हेटवण्याचं धरण आहे, त्याचं पाणी नवी मुंबई पिते. रस्ते रुंद झाले, टेकड्या कापल्या गेल्या. एखादी जात तिथून गेली, हे म्हणण्यासाठी ती तिथं होती याचा पुरावा लागतो. तो पुरावा म्हणजे एक वाळलेली फांदी आणि पेन्सिलीनं लिहिलेल्या चार ओळी.

आजीचा रकाना मात्र अजूनही बहुतेक कोराच आहे. ‘स्थानिक नाव’ आलं, कुणी सांगितलं ते आलं नाही. ही उणीव वनस्पतिशास्त्रज्ञ एकटे भरून काढू शकणार नाहीत. पेणच्या, रोह्याच्या, सुधागडच्या वाड्यांवर ठाकर आणि कातकरी म्हाताऱ्या आहेत. शेवळाच्या पानाला काय म्हणतात, कुठल्या कातळाशी कुठला कंद उगवतो, कुठला वेल वांझोटा, हे त्यांना ठाऊक आहे. त्यांच्या नातवंडांना निम्मं ठाऊक आहे.

म्हणून एक विनंती. येत्या श्रावण-भाद्रपदात विनोबांचं गाव बघायला जाल तेव्हा डोंगराच्या वाटेनंही थोडं चढा. झाड उपटू नका. ते ज्यांचं काम आहे ते परवानगी घेऊन करतात. तुम्ही फोटो काढा: सगळं झाड, पान दोन्ही बाजूंनी, फूल जवळून. तारीख लिहा. गाव, वाडी, ओढा, उतार लिहा. फुलाचा रंग तिथंच उभं राहून लिहा. वाटेत भेटेल त्याला झाडाचं नाव विचारा, जसं उच्चारलं तसं लिहा. आणि ज्यानं सांगितलं त्याला विचारून, त्याची हरकत नसेल तर, त्याचंही नाव त्याच ओळीत लिहा. ही नोंद जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्र विभागाकडं पोहोचवा.

पेणहून खोपोलीच्या रस्त्याला लागलं की गागोद्याचा फाटा येतो. वही आणि पेन्सिल बरोबर ठेवा.